कोरडा पट्टा

सुमनचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, आई गेली," ती म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आतच पुढचं सांगून टाकलं, "काई तरास नाई झाला. चहा पेली, वादी कापाले बसली, मी आतून येऊन पाह्यलं तं मान खाली..." वादी म्हणजे कातड्याची लांब, अरुंद पट्टी; तिने चामडं शिवतात. नव्वदीला टेकलेली बाई, एका डोळ्याने दिसायचं बंद झालेलं, दुसऱ्याने कामापुरतं दिसणारं, आणि ती सकाळी उठून वादी कापायला बसली होती. मी आरशात पाहिलं तर अर्ध्या गालावरचा साबण वाळून गेला होता. तो पुसला, सदरा चढवला आणि पुलगावहून हिंगणघाटची बस धरली. बसमध्ये सारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरलो. देवळी मागे पडल्यावर आठवलं. वहिनीकडे जाताना तिच्यासाठी तंबाखूची पुडी घ्यायची माझी सवय, ती आज घेतली नव्हती. घेऊन तरी कुणाला देणार होतो...

गिरजावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको, सुमनची आई. तिच्या दिवसकार्याला जमलेल्या माणसांनी तिच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. कष्टाळू होती, मायाळू होती, सोशीक होती. पहिली दोन मला मान्य आहेत. सोशीक मात्र ती मुळीच नव्हती. सोशीक बाई नवरा गेल्यावर माहेरी गेली असती, किंवा सासरी कोपऱ्यात बसून दिवस काढले असते, आणि वेणा नदीच्या काठचा आमचा कातड्याचा कारखाना सत्तावन्न सालीच लाकडाची वखार झाला असता. तो झाला नाही, आजही चालू आहे, याचं कारण वहिनी. आणि तो बंद पडावा म्हणून घरातल्या घरात जो माणूस टपून बसला होता, तो मी. हे लिहायला मला साठाच्या वर वर्षं लागली. तेव्हा आता सगळं नीट लिहितो.

आमचं घर चर्मकाराचं. आजा-पणज्यापासून मोटा करायचं काम. आजच्या पोरांना मोट सांगावी लागते: विहिरीतून बैलांच्या जोरावर पाणी काढायची ती मोठी चामड्याची बादली, खाली सोंड असलेली. म्हशीचं एक अख्खं कातडं एका मोटेला लागायचं. नदीकाठी आमची दोन कुंडं होती, त्यात बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडी महिनोन् महिने मुरत पडायची. बाबा, म्हणजे माझे वडील, मोटेचे उस्ताद. हिंगणघाटच्या आसपास बाबांच्या हातची मोट नाही असं गाव शोधून काढावं लागलं असतं. त्यांचा एक नेम होता. कोरडी मोट कुणाच्या हाती द्यायची नाही. शेतकरी मोट न्यायला येणार त्या दिवशी बाबा पहाटे उठून करंजीचं तेल कोमट करायचे, फडक्याच्या बोळ्याने आतून-बाहेरून मोटेला चोळायचे, आणि चोळता चोळता तिच्याशी काहीबाही बोलायचे. "जाय माय, भरून येजो," असं काहीतरी. सासरी जाणाऱ्या लेकीची पाठवणीच ती. त्या तेलाचा वास मला सोसवत नसे. मॅट्रिकला वर्गात माझ्या शेजारी बसायला पोरं कुरकुर करायची ती या वासापायी. कातडं, कुंड, करंजी... मला यातून बाहेर पडायचं होतं, आणि त्यासाठी मी मॅट्रिक झालो होतो.

माझा दादा, वहिनीचा नवरा, कावीळ होऊन गेला तेव्हा सुमन रांगत होती. त्याच सुमारास मोटेवरही संक्रांत आली. बाजारात लोखंडी पत्र्याची मोट मिळू लागली. ती कुजत नाही, उंदीर कुरतडत नाही. तिला चामड्याची फक्त सोंड लागायची. म्हणजे जिथे आम्ही अख्खी मोट द्यायचो तिथे आता हातभर सोंड. काही बड्या शेतकऱ्यांनी विहिरीवर इंजन बसवलं, त्यांना तर सोंडही नको. बाबा ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहायचे. गिऱ्हाईक येईना. वहिनीने महिनाभर हे पाहिलं आणि एके दिवशी पदर खोचून जिनमध्ये रोजाने कामाला गेली. कापसातून सरकी काढायच्या त्या कारखान्याला आमच्याकडे जिन म्हणतात. बाबांनी त्या दिवशी जेवण टाकलं. आमच्या घरची सून मजुरीला! मीही चार शब्द बोललो. वहिनी सासऱ्याचं ताट झाकून ठेवत म्हणाली, "मामाजी, भाकर इथंच हाय. राग उतरला का खाजा."

जिनमध्ये रेच्यांची लांबच लांब रांग. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. वर एक लोखंडी दांडा फिरतो, त्यावर चाकं, आणि प्रत्येक चाकावरून एक चामड्याचा पट्टा खाली रेच्याला फिरवतो. बाकीच्या बाया रेच्यात कापूस घालायच्या. वहिनीही घालायची, पण तिचं लक्ष वर. मोटेच्या घरातली बाई ती, चामडं हलताना दिसलं की तिची नजर तिकडे जाणारच. हंगामात पट्टा तुटला की रेचा बंद, आणि नवा पट्टा मुंबईहून रेल्वेने येईपर्यंत जिनचा करीम मिस्त्री कपाळाला हात लावून बसायचा. एका संध्याकाळी वहिनी पदराखाली तुटक्या पट्ट्याचा वितभर तुकडा घेऊन घरी आली. दिव्याखाली बसून रापीच्या पात्याने त्याची शिवण एकेक टाका करून उसवली. दोन तुकड्यांची तोंडं तासून कशी एकावर एक बसवली आहेत, कुठल्या अंगाला गुळगुळीत बाजू ठेवली आहे, टाका किती अंतरावर आहे, सगळं बोटाने चाचपून पाहिलं. मग बाबांच्या पुढ्यात तो तुकडा ठेवला. "मामाजी, हे आपल्याच्यानं होते का नाई?" बाबांनी तो हातात घेतला, वास घेतला, दाताने चावून पाहिला. "कातडं बरं हाय," ते म्हणाले, "शिवणारा आंधळा होता वाट्टे." घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी हसलं.

छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्याकडे मेलेल्या जनावरांची कातडी सुदाम आणि त्याचे भाऊबंद आणून द्यायचे. पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे ते काम लादलेलं होतं. नागपूरहून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सुदाम आला. पांढरा स्वच्छ सदरा घालून, पायरीवर न थांबता सरळ ओट्यावर येऊन उभा राहिला. "बाबा, आता आमी ढोर ओढणार नाई," तो म्हणाला. "तुमाले सांगतलं पाह्यजे म्हून आलो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये." बाबांनी कुंडाकडे पाहिलं. कुंडात शेवटची काही कातडी होती, त्यापुढे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं. वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, सुदामच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं केलं सुदामभाऊ. आमी बी कुंड बुजवतो." सुदाम पाणी प्यायला आणि गेला. तो गेल्यावर बाबा तिच्यावर खेकसले, "कुंड बुजवतो म्हंते! खाणार काय?" त्यावर ती म्हणाली, "त्याईनं त्याईचं सोडलं, मामाजी. आपल्याले सोडाले काय झालं? कमावलेलं कातडं बजारात भेटते. मुरवाचं काम आपल्या जन्मासंगं लिहून नाई आलं. शिवाचं आपल्याले येते, थे कोणी नाई नेत."

आता माझी बाजू. मला पुलगावच्या लष्करी डेपोत नोकरी लागायची होती, कागद आला होता. नदीकाठची आमची जागा एका वखारवाल्याला हवी होती. ती विकावी, बाबांना आणि वहिनीला घेऊन पुलगावला जावं, आणि कातड्याचं नाव पुन्हा घेऊ नये, असा माझा बेत. बेत वाईट होता असं आजही म्हणणार नाही. पण त्यात वहिनीने काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता. दिराच्या दोन खोल्यांत विधवा भावजय म्हणून जन्मभर पोळ्या लाटायच्या, एवढंच तिच्या वाट्याला येत होतं. मी तिला बेत सांगितला तेव्हा ती सुमनचं डोकं विंचरत होती. फणी थांबली. "भाऊजी, एक हंगाम द्या मले," ती म्हणाली. "करीम मिस्त्री एक पट्टा करून पाहा म्हंते. चालला तं जागा राह्यली. नाई चालला तं मी सोताहून अंगठा देतो, तुमाले बोलाची बी गरज नाई." मी बरं म्हणालो. मनात म्हणालो, नाही चालणार.

कुंडातली ती शेवटची कातडी काढली. त्यातल्या म्हशीच्या पाठीचं तेवढं पट्ट्याला घ्यायचं, कारण पोटाचं कातडं ताणलं की लांबतं. मोटेला तेच पोटाचं कातडं बाबा मोलाचं मानायचे, तेव्हा इथूनच वाद सुरू झाले. वहिनी कापायची, बाबा तासायचे, दोघं मिळून शिवायचे. मिस्त्री एकदा घरी येऊन माप पाहून गेला. जाताना मला रस्त्यात गाठून म्हणाला, "भैया, सब बढ़िया है. बस एक बात, तेल का एक बूँद नहीं लगना. पट्टा चक्के को पकड़ता है तो सूखा पकड़ता है. तेल लगा तो गया काम से." मी मान डोलावली. वहिनीला हे ठाऊकच होतं, ती दोन हंगाम त्या पट्ट्यांखाली वावरली होती. तिला सांगायची गरज नव्हती. बाबांना सांगायची होती, ते कुणालाच सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं, कारण तेल म्हटलं की माझ्या नाकात पहिल्यांदा बाबाच येतात.

पट्टा न्यायचा दिवस उजाडला. वहिनी पहाटेच शेजारच्यांची बैलगाडी मागायला गेली होती. मी तोंड धुवायला उठलो आणि कारखान्याच्या दारात आलो. आत बाबा बसले होते. मांडीवर पट्टा, शेजारी कोमट तेलाची वाटी, हातात फडक्याचा बोळा. एका टोकापासून चोळत चोळत निम्म्यावर आले होते. तोंडाने तेच चाललेलं, जाय माय... त्यांनी वर पाहिलं, मला पाहिलं, आणि पुन्हा चोळायला लागले.

मी काही बोललो नाही.

मला काय होतंय ते समजत होतं. मिस्त्रीचं वाक्य कानात होतं. "बाबा, थांबा," एवढे दोन शब्द पुरले असते. उरलेला निम्मा पट्टा तरी कोरडा राहिला असता. पण त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पुलगाव आलं, पांढरा सदरा आला, ज्याला वास नाही असं घर आलं. मी वळलो आणि नळावर जाऊन खळखळून चुळा भरल्या. बापाची इज्जत आणि वहिनीचं सगळंच्या सगळं, दोन्ही मी त्या चुळांबरोबर थुंकून टाकलं. 

वहिनी गाडी घेऊन आली तोवर बाबांनी पट्टा गुंडाळून वर पोतं बांधलं होतं. मीही गाडीत बसून गेलो. जिनमध्ये मिस्त्रीने पोतं सोडलं, पट्ट्याला हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. त्याने वहिनीकडे पाहिलं. पण मॅनेजर शेजारी उभा, इंजिन चालू, बाया कापसाच्या टोपल्या घेऊन तयार. पट्टा चढवला. चाक फिरलं, पट्टा काही क्षण त्याच्याबरोबर धावला आणि मग जागच्या जागी घसरू लागला. वर चाक गरगर फिरतंय आणि खाली रेचा मख्ख. तेवढ्यात तेल उडालं. पांढऱ्याशुभ्र रुईच्या ढिगावर पिवळे ठिपके पडले, आणि पट्टा चाकावरून निसटून फटकन जमिनीवर आपटला. कुणीतरी ओरडलं, "चामड्याले आंघूळ घालून आणली वाट्टे!" सगळं जिन हसलं. मॅनेजर हसला नाही. रुई खराब झाली होती. "तेल कुणी लावलं?" त्याने विचारलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही, बाबा तर घरीच होते. "मी लावलं," ती म्हणाली.

मॅनेजर जे बोलायचं ते बोलला आणि पट्टा उचलून न्यायला सांगून निघून गेला. मिस्त्री जवळ आला. "बाई, झूठ मत बोलो. तेल की बात तुमको मैंने खुद सिखाई है." वहिनी पट्टा गोळा करत होती. "लावलं म्हंते ना मी, मिस्त्री. मले सोमवारपर्यंत वेळ द्या. आन् खालची झाडलोटीची रुई द्या पोतंभर." मिस्त्रीला काही कळलं नाही, मलाही. दुसरा पट्टा करायला कातडं शिल्लक नव्हतं, कुंडं रिकामी झाली होती. तिच्या हातात होता तो एवढाच. मिस्त्री म्हणाला, जुना पट्टा जोडून चार दिवस ओढतो, त्यापुढे माझं काही नाही. रुई द्यायला त्याने दोन बायांना सांगितलं. मघाशी हसणाऱ्यांतल्याच त्या दोघी, पण पोतं त्यांनी दाबून दाबून भरलं.

मी थेट घरी गेलो नाही. वखारवाल्याकडे गेलो आणि बहुतेक जमतंय म्हणून सांगितलं. त्याने चहा पाजला. तो पिऊन दुपारी घरी आलो तर अंगणात उन्हात पांढरी माती पसरून तापत टाकलेली, पट्टा लांबवून ठेवलेला, आणि वहिनी त्याच्यावर आधी माती, मग रुई असा थर घालून वरून जात्याच्या तळ्या, म्हणजे खालचे जड दगड, ठेवत होती. रुई तेल पिते हे तिने जिनच्या फरशीवर पाहिलं होतं. मशीनखाली सांडलेलं तेल तिथे रुईनेच टिपायचे. घटकाभराने तळी काढायची, पिवळी झालेली रुई बाजूला टाकायची, नवी घालायची. पलीकडे बाबा बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. ज्या हातांनी जन्मभर चामड्यात तेल जिरवलं त्या हातांनी ते तेल काढायला बसले होते. "मी लावलं, पोरी," ते पुटपुटत होते. "मी लावलं ना..." वहिनी म्हणाली, "तुमी मोटेले लावत होते, मामाजी. पट्ट्याच्या अंगावर काय लिहून हाय, मले तेल नको म्हून? तळी धरा तिकडून." बाबा उठून तळी धरू लागले. मी सदरा काढून त्यांच्यात बसलो. पश्चात्ताप झाला असं म्हणालो तर ते खोटं होईल. दोघं राबत असताना उभं राहायची लाज वाटली, एवढंच. पण बसलो ते सोमवारपर्यंत उठलो नाही.

सोमवारी पट्टा मिस्त्रीच्या हातात दिला. त्याने गालाला लावून पाहिला, पकडीसाठी चिमूटभर राळ चोळली आणि चढवला. चाक फिरलं. पट्टा एकदा थरथरला, मग चाकाला बिलगला आणि रेचा घुमायला लागला. वहिनी तिथे उभी राहून पाहत बसली नाही. टोपली उचलून ती आपल्या जागी गेली आणि त्याच रेच्यात कापूस घालू लागली. तो दिवस तिचा रोजाचा होता. मी बाहेर निघून गेलो.

पट्टा हंगामभर चालला. होळीपर्यंत आणखी दोन जिनांतून विचारणा आली. वहिनीने सुदामला बोलावून आणलं आणि मजुरी देऊन त्याच्याच हातून कुंडं बुजवून घेतली. शेवटचं फावडं माती टाकून तो म्हणाला, "झालं, बाई." ती म्हणाली, "झालं." तिला कसं सुचलं असेल कोण जाणे, पण त्या दोघांना त्यात फार समाधान मिळालेलं दिसलं. वखारवाल्याला नाही सांगायला मला जावं लागलं, आणि चहा न पिताच परत यावं लागलं. मी निघालो तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमी खुशाल पुलगावले जा. तुमचा जीव इथं नाई लागत, मले माहीत हाय. जागा राह्यते आपल्या जागी." मी गेलो. डेपोत नोकरी केली, निवृत्त झालो. कारखाना मात्र बदलत राहिला. पट्ट्यांनंतर पुलगावच्या गिरणीच्या मागांना लागणारे चामड्याचे भाग केले. प्रत्येक मशीनला वेगळी मोटर आली आणि लांब पट्टे संपले, तेव्हा वहिनीने रेच्याच्या लाटेवर, म्हणजे फिरत्या रुळावर, बसणाऱ्या चामड्याच्या चकत्या सुरू केल्या. वेल्डिंगवाल्यांचे हातमोजे, भट्टीवाल्यांचे चामडी एप्रन असं जे जे पुढे आलं ते ते केलं. एक धंदा सरला की ती हळहळत बसायची नाही. दुसऱ्याच्या मालाचा तुकडा आणायची, दिव्याखाली बसून उसवायची आणि कसा केलाय ते पाहायची. "उसवल्याबिगर शिवता नाई येत," असं सुमनला मोठी झाल्यावर सांगायची. मी म्हणायचो, वयनी, अशानं पोरगी घरातलं सगळंच उसवून ठेवील.

दुसऱ्या वर्षी हंगामाचा पहिला पट्टा निघायचा होता तेव्हाचं मात्र सांगायला हवं. बाबा पहाटे उठले, सवयीने तेल कोमट केलं आणि वाटी हातात धरून कारखान्यात नुसते उभे राहिले. काय करावं कळेना. वहिनीने पाहिलं. ती म्हणाली, "मामाजी, उंबऱ्याले लावा. उंबरा काई चाकावर चढत नाई." बाबांनी खाली बसून कारखान्याच्या लाकडी उंबऱ्याला तेल चोळलं, आणि त्या उंबऱ्यावरून कोरडा पट्टा बाहेर पडला. बाबा होते तोवर दर हंगामात त्यांनीच ते केलं. ते गेल्यावर वहिनीचा निरोप मला पुलगावला यायला लागला. "पह्यला माल निघून राह्यला, येजा." मी रजा टाकून जायचो. ती तेलाची वाटी माझ्याच हातात द्यायची. सुमनच्या नाही, कामकऱ्यांच्या नाही. मला वाटायचं, घरातला पुरुष म्हणून हा मान. मी टिंगलही करायचो, की एक दिवस या उंबऱ्यावरून गिऱ्हाईक घसरून पडेल. ती हसायची आणि मी पूर्ण उंबरा चोळेपर्यंत समोर उभी राहायची.

तिचा तेरावा झाल्यावर मी सुमनपाशी बसलो. हा लेख लिहायचं डोक्यात होतं, आणि त्या पहाटेचं लिहिल्याशिवाय तो खोटा होणार होता. आधी तिला सांगावं म्हटलं. ती चकत्या कापत होती. मी सगळं सांगितलं. दारात उभा होतो, बाबांना पाहिलं, आणि का गप्प राहिलो तेही. तिचा हात थांबला नाही.

"आईले माहीत होतं, काका," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आजोबानंच सांगतलं तिले, त्याच दिवशी, रुई बदलता बदलता. म्हणे, धाकला दारात उभा होता. थो काई बोलला नाई, म्हून मले वाटलं बरोबरच करून राह्यलो."

बाबांनी वर पाहिलं होतं. मला पाहिलं होतं. माझं गप्प बसणं त्यांनी होकार समजलं होतं... आणि वहिनीला हे त्या दुपारी ठाऊक झालं होतं. मी सदरा काढून शेजारी बसलो तेव्हा तिला ठाऊक होतं. पुलगावला खुशाल जा म्हणाली तेव्हा ठाऊक होतं. दर वर्षी तेलाची वाटी माझ्या हातात दिली तेव्हाही.

"मंग बोलली काऊन नाई मले कधी?" मी विचारलं. 

"मी बी इचारलं होतं," सुमन म्हणाली. "म्हणे, बोलली असती तं भाऊजी पुन्हा आले नसते. आन् नुसती गप राह्यली असती तं थे त्याईच्या मनात तसंच राह्यलं असतं. म्हून येऊ दे दर साली, तेल लावू दे त्याईच्याच हातानं."

परवा पुन्हा सुमनचा फोन आला, या हंगामाचा पहिला माल निघतोय म्हणून. मी गेलो. गुडघे आता वाकत नाहीत. कामकऱ्याने स्टूल पुढे केलं, ते बाजूला सारलं आणि भिंत धरत धरत खाली बसलो. वर्षानुवर्षांच्या तेलाने काळ्या झालेल्या त्या लाकडावर बोळा फिरवता फिरवता मोठ्याने म्हणालो, "वयनी, मी पाह्यलं होतं. मी पाहून गप राह्यलो होतो." कारखान्यात सगळे थबकले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सुमनने माझ्या दंडाला धरून मला उठवलं.

"झालं ना काका," ती म्हणाली. "आता सरका बाजूले. माल जाऊ द्या."